गूळपापडीच्या दोन वड्या

मी तुरुंगात नोकरी करते हे सांगितलं की लोक आधी थोडे मागे सरतात आणि मग विचारतात, "भीती नाही वाटत?" मी नर्स आहे, महिलांच्या तुरुंगातल्या दवाखान्यात. कैद्यांची भीती मला पहिल्या आठवड्यातच वाटेनाशी झाली. भीती वाटायची ती दर सहा महिन्यांनी येणाऱ्या एका कागदाची.

नवऱ्याची केंद्र सरकारच्या कचेरीत क्लार्कची नोकरी. त्याची पुण्याहून दिल्लीला बदली झाली आणि आम्ही तिथल्या द्वारका भागात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. पुण्यात मी एका मोठ्या हॉस्पिटलात नऊ वर्षं काम केलं होतं. इथे एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स हव्यात, सरकारी काम आहे. 'सरकारी' हा शब्द ऐकून आम्ही दोघंही हरखलो. रुजू व्हायच्या दिवशी कळलं, काम सरकारी असलं तरी माणूस ठेकेदाराचा. सहा महिन्यांचा करार, रजा घेतली की पगार कापला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी कायम नोकरीतली नर्स तेच इंजेक्शन देई, तीच रजिस्टरं भरी. तिला माझ्या दुपटीहून जास्त पगार होता, शिवाय तुरुंगात काम करण्याचा वेगळा भत्ता. तुरुंग जणू तिच्याचपुरता होता.

रोज सकाळी मेट्रोने जायचं, पुढे ई-रिक्षा. बाहेरच्या गेटवर फोन लॉकरमध्ये टाकायचा. आतल्या गेटवर झडती. महिला शिपाई माझा डबा उघडून चमच्याने भाजी ढवळून बघायची. पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी नेली तेव्हा तिने एक दाणा बोटात धरून उजेडात बघितला. "ये क्या है, सिस्टर?" पुढे पुढे तिला माझे सगळे पदार्थ ओळखू यायला लागले. आत गेलं की मागे गेट बंद व्हायचं, पुढचं उघडायला दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांत आपण ना आत ना बाहेर. लेकीला ताप असला, शाळेतून फोन आला, तरी मला संध्याकाळपर्यंत कळायचा मार्ग नव्हता. तिला एकदा मी म्हटलं, "आईचं काम तुरुंगात असतं ना." तिने विचारलं, "तुरुंग म्हणजे?" तिला जेल हा एकच शब्द माहीत होता.

दवाखान्यात माझ्याहून मोठी एक केरळची सिस्टर होती. चौदा वर्षं तिथेच, चौदा वर्षं करारावरच. तिने मला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. "किसी से केस मत पूछना. और किसी को कुछ देना नहीं. गोली भी सामने खिलाना." कैद्याला परवानगीशिवाय काहीही देणं हा गुन्हा, मग ती साधी हेअरपिन का असेना.

ती बाई दवाखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या कामाला वर्ष होऊन गेलं होतं. साठीच्या आसपासची, बारीक, केस घट्ट बांधलेले, दुसऱ्या तुरुंगातून नुकतीच इकडे हलवलेली. मधुमेह जुना होता, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागायचं. बराकीत सुई नेऊ देत नाहीत, म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात यायची. मी बोटातून रक्ताचा थेंब घेत होते. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा दुखेल हं."

तिने झटकन मान वर केली. "तुम्ही आपल्याकडच्या?"

"पुण्याची."

"मी नाशिकची," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "चार महिने झाले, मराठी शब्द कानावर पडला नव्हता."

तिचा मुलगा गाझियाबादला एका कंपनीत होता, राहायला दिल्लीतच. सून वारली होती आणि सुनेच्या माहेरच्यांनी हुंड्यासाठी मारल्याची तक्रार केली होती. मुलगा पुरुषांच्या तुरुंगात, ती इथे. खटला उभा राहायचा होता. हे मला तिने सांगितलं नाही, इतर बायकांच्या बोलण्यातून कळलं. आमच्याकडे अशा सासवा खूप होत्या. मी स्वतः एका घरची सून आहे, त्यामुळे त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात सरळ दया कधीच आली नाही. तिच्याही बाबतीत मी ठरवलं होतं, साखर तपासायची, सुई टोचायची, संपलं.

पण रोजचं दोन वेळचं बोलणं वाढत गेलं. लोकांसमोर मी तिला इतरांसारखं 'अम्मा' म्हणायची, हळू आवाजात 'काकू'. तीही आधी 'सिस्टर, तुम्ही' म्हणायची, मग कधी 'अगं' वर आली तेही लक्षात आलं नाही. ती निवृत्त शिक्षिका होती, बराकीतल्या बायकांचे अर्ज हिंदीत लिहून द्यायची आणि वेलांट्या चुकल्या का म्हणून मला विचारायची. केसबद्दल एकदाच बोलली, तेही मी न विचारता. कापूस दाबून धरत म्हणाली, "मी तिला मारलं नाही गं. पण मी तिच्याशी चांगलीही वागले नाही. हे दुसरं कोर्टात कुणी विचारत नाही."

मी पुढचं नाव पुकारलं. खरं की खोटं, मला आजही माहीत नाही.

प्रश्न होता कोर्टाच्या तारखांचा. तारखेच्या दिवशी बायकांना सकाळी लवकर गेटवर रांगेत बसवत. झडती, हजेरी, मग गाडी. कोर्टातल्या कोठडीत जेवण कधी मिळे, कधी तीन वाजता मिळे, कधी नुसता चहा. परत यायला संध्याकाळ. सकाळी इन्सुलिन द्यावं तर दुपारी साखर खाली जाणार, न द्यावं तर संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर. एका तारखेनंतर तिला दोघींनी धरून दवाखान्यात आणलं. घामाने साडी भिजलेली, बोलणं अडखळत होतं. साखर अठ्ठावन्न. मी साखरपाणी पाजलं, वीस मिनिटांनी ती शुद्धीवर आल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली. रजिस्टरमध्ये मी आकडा लिहिला, वेळ लिहिली. पुढच्या तारखेला पुन्हा तेच, एकसष्ट.

डॉक्टरांना सांगितलं. आमचे डॉक्टरही करारावरच, दर थोड्या महिन्यांनी नवे. ते म्हणाले, "मी ग्लुकोज लिहून देईन, पण गेटवर काढून घेतात. सिक्युरिटीचा विषय आहे तो." आणि खरंच, पांढऱ्या भुकटीचं पाकीट कैद्याच्या हातात देऊन गेट पार करणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसांत मी घरी गूळपापडी केली होती. झडतीवाल्या शिपाईबाईला ती ओळखीची होती, एक वडी ती हक्काने उचलायची. पुढच्या तारखेच्या सकाळी इन्सुलिन दिल्यावर मी माझ्या डब्यातून दोन वड्या काढल्या, औषधाच्या कागदी पाकिटात घातल्या आणि काकूच्या मुठीत दिल्या. "चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच खा." त्या दिवशी ती चालत परत आली, साखर एकशे तीस. पुढच्या तारखेलाही दिल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न.

तिसऱ्यांदा गेटवर सापडल्या.

मला उपअधीक्षक मॅडमच्या खोलीत बोलावलं तेव्हा काकू तिथे भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर ते पाकीट, त्यावर आमच्या दवाखान्याचा शिक्का आणि शेजारी दोन वड्या. वास घेऊन कुणीतरी गूळ आहे म्हणून सांगितलं होतं, आणि गुळाची आमच्याकडे फार धास्ती. पूर्वी कधी बायकांनी गूळ आणि फळांच्या साली आंबवून दारू करायचा प्रयत्न केला होता म्हणे.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, ये आपके टिफिन का है?"

"हां, मॅडम."

"ये बोल रही है, इसने दवाखाने में आपके टिफिन से चुराया. पाकीट भी वहीं से उठाया. सही है?"

मी काकूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या कॅलेंडरकडे बघत होती. माझा करार आठवड्याभरात संपणार होता. नव्या कराराच्या यादीवर सही याच खोलीत व्हायची होती. मला एवढंच आठवतं की मी मान हलवली. 'हो' म्हटलं नाही. नुसती मान हलवली. घरी जाताना मेट्रोत मी त्यातच दिलासा शोधत होते.

काकूला शिक्षा झाली. पंधरा दिवस मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, बंद, घरी फोन बंद, आणि शिक्षेची नोंद.

दुसऱ्या दिवशी ती इन्सुलिनला आली. मी विचारलं, "असं का केलंत?"

"तू सांगितलं असतंस तर उद्यापासून इथे दुसरी कुणी आली असती. तिला माझं काय पडलंय?" ती सहज म्हणाली. आणि मग, "फक्त शनिवारी लेक येणार होती. नाशिकहून. तिकीट काढून बसली असेल. तिला कळवायचं कसं?"

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोळी खायचा थांबला.

"आता काय करणार आहेस?"

"खरं सांगणार."

"काढून टाकतील. आणि ब्लॅकलिस्ट केलं तर? माझ्या एकट्याच्या पगारात इथलं भाडं, शाळा... बघ, त्या बाईने स्वतःहून घेतलंय ना अंगावर?"

"म्हणूनच."

"तिच्यावर केस कसली आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

तो रागावला नाही, तेच जास्त जड गेलं. ताट उचलताना म्हणाला, "थोडे दिवस थांब. करार होऊ दे, मग सांग." तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी तीन दिवस थांबले. त्या तीन दिवसांत रोज दोनदा तिच्या बोटाला सुई लावली आणि दर वेळी वाटलं, हिने निदान टोमणा तरी मारावा.

गुरुवारी दुपारी मी एका कागदावर हिंदीत लिहिलं, की वड्या मी दिल्या, का दिल्या, तिच्या साखरेचे तारखांचे आकडे कोणते, आणि तिची शिक्षा मागे घ्यावी. केरळच्या सिस्टरने वाचलं. तिने फक्त एक केलं. रजिस्टर काढून माझे आकडे नोंदीशी पडताळून पाहिले आणि एका ठिकाणी मी तारीख चुकवली होती ती दुरुस्त करायला लावली. म्हणाली, "लिखना है तो पक्का लिखो."

मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "सिस्टर, क्यों लिख रही हो? मामला खत्म हो गया."

"मॅडम, चोरी नहीं हुई थी. मैंने दिया था."

"ऑर्डर हो चुका है. अब ऊपर भेजना पड़ेगा." त्यांना संताप आला नव्हता, कंटाळा आला होता. मी त्यांच्यासाठी एक बंद झालेली फाईल उघडत होते. "और उस दिन आपने झूठ क्यों बोला?"

मी म्हटलं, "डर गई थी."

दुसऱ्याच दिवशी मला लेखी ताकीद मिळाली. आणि काकूची शिक्षा तशीच राहिली. चोरीची नोंद न खोडता खाली आणखी एक जोडली गेली, अधिकाऱ्यांना खोटी माहिती दिली आणि मनाई असलेली वस्तू बाळगली.

संध्याकाळी ती आली तेव्हा तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही कशाला बोललात?"

ते 'तुम्ही' मला चटका लावून गेलं.

"मला वाटलं, शिक्षा मागे घेतील."

"आता मी चोरही आणि खोटारडीही. जामिनाच्या वेळी हे सगळं निघतं. तुमच्या मनाला हलकं वाटलं असेल, ठीक आहे." तिने कापूस दाबून धरला आणि तो डब्यात टाकून निघून गेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला खरोखरच हलकं वाटलं होतं.

शनिवारी माझी ड्यूटी दुपारी दोनला संपली. बाहेरच्या गेटपाशी, ई-रिक्षा उभ्या राहतात तिथे, तिशीतली एक बाई कापडी पिशवी छातीशी धरून फोनवर मराठीत बोलत होती. "नाही भेटू देत म्हणतात. चोरी केली म्हणे आईने. माझी आई चोरी करेल?" तिचं नाक, कपाळ, सगळं काकूचं होतं. कैद्यांच्या नातेवाइकांशी बोलणं आम्हाला मना आहे. गेटवर कॅमेरा आहे. मी तिच्या पुढून चार पावलं गेलेही. मग परत फिरले.

"तुमची आई बरी आहे," मी म्हटलं. "आज सकाळी साखर एकशे चाळीस होती. नाष्टा केलाय."

ती गोंधळून बघत राहिली. "तुम्ही कोण?"

"आतली सिस्टर. त्यांनी चोरी केली नाही. ते खायला मी दिलं होतं, साखर कमी होते म्हणून."

मला वाटलं ती ओरडेल. तिने फोन बंद केला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहून द्याल? वकिलांना लागेल."

"लिहून दिलंय. आत फाईलला आहे. कोर्टाच्या तारखांना साखर किती खाली गेली ते सगळं दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आहे. वकिलांना सांगा, कोर्टाकडून तो रिपोर्ट मागवा."

तिने पिशवीतून पेन काढून ते स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलं. मग पिशवी माझ्यापुढे धरली. आत स्वेटर होता आणि चिवड्याचं पुडकं. "एवढं तरी द्याल?"

"नाही देता येणार," मी म्हटलं. त्या दिवशी मला सगळ्यात अवघड गेलं असेल तर हेच.

माझा करार झाला, पण सहाच्या जागी तीन महिन्यांचा. आकसाने म्हणावं तर तसंही नसावं. दोन नर्सच्या जागा रिकाम्या होत्या आणि त्या पगारात दुसरी कुणी येत नव्हती, म्हणून ठेवलं असणार. दरम्यान मी द्वारकेतल्याच एका खासगी हॉस्पिटलात मुलाखत देऊन आले. बारा तासांची ड्यूटी आणि पगार इथल्याहूनही कमी. मुलाखत घेणाऱ्याने अर्जावर नजर टाकून विचारलं, "जेल का एक्सपीरियन्स? यहां तो पेशंट अलग होते हैं." मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "जाऊ दे. आहे तेच बरं." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." आम्ही दोघंही हसलो, पण कुणालाच हसू आलं नव्हतं.

काकू माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. दोन महिन्यांनी कोर्टातून पत्र आलं, तिचा वैद्यकीय अहवाल मागवणारं. डॉक्टर नवे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी रजिस्टर मागितलं. मी एकेक पान दाखवत गेले. अठ्ठावन्न, एकसष्ट, त्याआधीची चौसष्ट, जी मीही विसरले होते. त्यांनी अहवाल लिहिला, आणि माझ्या आग्रहावरून शेवटी एक ओळ घातली, की मधुमेहाच्या कैद्यांना कोर्टाच्या दिवशी वैद्यकीय सल्ल्यानुसार गोड पदार्थ जवळ ठेवू द्यावा.

एका सकाळी ती इन्सुलिनला आली नाही. मी दोनदा नाव पुकारलं. बराकीतून आलेली एक बाई म्हणाली, "अम्मा की तो बेल हो गई. कल शाम को गई." जामिनावर सुटताना निरोप ठेवला नव्हता. ठेवणार तरी कसा, आणि ठेवावा असं काही आमच्यात उरलंही नव्हतं. पुढे खटल्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. तिच्या लेकीचा नंबर माझ्याकडे नव्हता. असता तरी मी फोन केला असता की नाही, सांगता येत नाही. इतर बायकांच्या इन्सुलिनच्या बाटल्यांत तिची अर्धी संपलेली बाटली फ्रिजमध्ये होती. तिच्यावरची चिठ्ठी मी काढली आणि नियमाप्रमाणे ती फेकून दिली.

सध्या दवाखान्यात मधुमेहाच्या चार जणी आहेत. डॉक्टरांच्या त्या ओळीचा कागद गेटवर लावलाय, पण शिपाई बदलले की कुणीतरी पुन्हा गोडाच्या पुड्या काढून घेतं. म्हणून तारखेच्या दिवशी मी इन्सुलिन देऊन झालं की स्वतः गेटपर्यंत जाते आणि चौघींच्या पिशव्या तपासून होईपर्यंत बाजूला उभी राहते. नवी शिपाई परवा म्हणाली, "सिस्टर, आप जाइए, आपका यहां काम नहीं है." मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि गाडी सुटेपर्यंत हलले नाही.